कसली झीज?

गुडघेदुखी नाही असं घर शोधायला कुणी निघालं, तर शोधता शोधता त्याचेच गुडघे दुखायला लागतील. घरातली मोठी बाई उठताना ‘आई गं’ म्हणणार, आणि बाकीचे म्हणणार, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” हे तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरात चालतं. फिटरांच्या घरातही चालत होतं. पण तिथं त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याविषयी कुणी तोंडातून अक्षर काढत नव्हतं.

दुपारी खालच्या दुकानातली घरघर थांबली, की वरच्या खोलीत सासूबाईंची खुर्ची आपोआप चालायची.

सासूबाई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं.

खुर्ची चाकांची होती. फिटरांनी स्वतःच्या हातानं आईसाठी केलेली. चाकांत घातलेली बेअरिंग इतकी उत्तम, की बोट लावलं तरी खुर्ची सरकायची, आणि आवाज म्हणून नाही. खोलीची फरशी खिडकीकडे किंचित उतरती होती. खालून एखादी जड गाडी गेली, कुणी दार आपटलं, की खुर्ची भिंतीपासून सुटायची आणि हळूहळू खिडकीशी जाऊन थांबायची. सासूबाई जिथं बसायच्या, अगदी तिथं.

फिटरीणबाईंना हे सगळं समजत होतं. उतार समजत होता, बेअरिंगही समजत होती. तरी मशीनवर मान घालून टीप मारताना पाठीमागून काहीतरी सरकल्याचं जाणवलं, की त्यांचा हात जागच्या जागी थांबायचा. मागं वळून बघायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कारण खुर्ची दिसली की पाठोपाठ शब्द ऐकू यायचे.

“उभी कर गं मला.”

फिटर म्हणजे पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करणारे. खाली दुकान, वर घर. साऱ्या गल्लीत त्यांना फिटर म्हणत, म्हणून यांना फिटरीणबाई. फिटरांचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. बाईंचं तर तिथंही नव्हतं. बाई घरी शाळेचे गणवेश शिवायच्या. पायमशीनवर त्यांचा हात आणि पाय असे चालायचे, की खालून फिटर ओरडायचे, “अगं, हळू! माझ्या मोटारीपेक्षा तुझं मशीन जोरात आहे.”

फिटरांचं प्रेम तोंडात नव्हतं, हातात होतं. बायकोविषयी दोन गोड शब्द बोला म्हटलं असतं, तर त्यांना घाम फुटला असता. पण तिच्या कपाटाचं दार जरा कुरकुरलं, की हा माणूस तेलाची बाटली घेऊन हजर.

बाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी दवाखान्यात नेलं. तिथल्या घाईच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “झीज आहे. वयानुसार होतेच.” गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

झीज! हा शब्द फिटरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य झिजलेल्या वस्तूंच्या संगतीत गेलं होतं. झिजलेला शाफ्ट, झिजलेली बुश, झिजलेलं बेअरिंग. त्यांचा हिशेब सरळ होता. जे चालतं ते झिजतं. कमी चालवलं, तर जास्त टिकतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पायमशीनचं पॅडल काढून टाकलं आणि तिथं मोटर बसवली. खिडकीला पुली लावून टोपली सोडली, म्हणजे भाजीसाठी जिना उतरायला नको. वरून खाली तार ओढून घंटी बसवली, म्हणजे काही हवं असेल तर बाईंनी नुसती कळ दाबायची. मशीनला, कपाटाला, चुलीला हात पोचेल असं चाकाचं बुटकं स्टूल केलं. गल्लीतल्या बायका हसायच्या. शेजारीण म्हणाली, “फिटरीणबाई, नशीब काढलंत हो! आता श्वास घ्यायलासुद्धा मोटर बसवतील तुमच्यासाठी.”

बाई हसल्या. हसता हसता त्यांना कसंतरीच झालं. कारण हे सगळं त्यांनी याच घरात एकदा पाहिलं होतं.

सासूबाईंनाही झीजच सांगितली होती. तेव्हाही फिटर असेच कामाला लागले होते. खुर्ची केली, तिला हात टेकायला मऊ गादी लावली, पाय ठेवायला फळी लावली. “आई, आता तू फरशीला पाय लावायचा नाहीस,” असं मोठ्या कौतुकानं सांगितलं. लोक खुर्ची बघायला यायचे. लेक असावा तर असा, म्हणायचे. सासूबाईंनाही सुरुवातीला अभिमान वाटला. खुर्चीतून त्या घरभर फिरायच्या, आणि घरात त्यांच्या पावलांचा आवाज यायचा बंद झाला. आधी सकाळी त्यांची पावलं ऐकून बाईंना जाग यायची. मग नुसतंच कुणीतरी खोलीत आल्यासारखं वाटायचं, आणि बघावं तर सासूबाई मागं येऊन थांबलेल्या असायच्या. जिवंतपणीच त्या भुतासारख्या वावरायला लागल्या होत्या. हे बाईंना तेव्हा सुचलं नव्हतं. आता सुचत होतं, आणि सुचलं की हातातली कात्री खाली ठेवावी लागत होती.

एका दुपारी फिटर खाली कामात असताना सासूबाई म्हणाल्या, “उभी कर गं मला. नुसती जिन्यापर्यंत जाऊन येते.”

बाई म्हणाल्या, “थांबा हं आई, यांना विचारते.”

सासूबाई खुर्ची वळवून खिडकीशी गेल्या. पुन्हा कधी त्यांनी तसं मागितलंही नाही. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून पडदा ओढायला त्या खुर्चीतून जराशा उठल्या, आणि खाली बसल्या. पडल्या नाहीत, नुसत्या मोडल्या. खुब्याचं हाड गेलं होतं. अंथरुणाला खिळल्या त्या खिळल्याच. भेटायला येणारे म्हणायचे, “झीज होतीच ना त्यांना. हाडं झिजलेलीच होती.” सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय संपला.

आता बाईंच्या घरात आणखी एक लहानसं कोडं चाललं होतं. त्यांचे घरात घालायचे गाऊन लांब होऊ लागले होते. चालताना काठ पायात यायचा. बाईंनी एकदा खालची किनार दुमडून टीप मारली. पुढं काही महिन्यांनी पुन्हा तेच. “हल्लीच्या कापडात राम नाही,” त्या शेजारणीला म्हणाल्या, “धुतलं की सैल पडतं.” पाठ मात्र अधूनमधून भरून यायची. तीही झीजच, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं.

आणि मग एक दिवस फिटर खुर्चीच्या चाकांना नवं ग्रीस भरून, हात पुसत समोर उभे राहिले. चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद.

“आईची खुर्ची नुसती पडून आहे. तुझ्या मापाची करून घेतलीय. बस बघू.”

“मला नको.”

“का? लाजतेस की काय? अगं, राणीसारखी बसशील.”

“अहो, मला चालता येतंय अजून.”

“म्हणूनच म्हणतो. अजून येतंय तोवरच जपायला हवं. सगळं झिजल्यावर जपून काय उपयोग?”

त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती, की नाही म्हणवेना. बाई बसल्या. फिटर समाधानानं खाली गेले. थोड्या वेळात गल्लीतून मालाची गाडी गेली, फरशी थरथरली, आणि खुर्ची चालू लागली. कुणी ढकललं नव्हतं. बाईंनी पाय टेकवायचा प्रयत्न केला, तर पाय फळीवर होते. खुर्ची संथपणे त्यांना खिडकीशी घेऊन गेली आणि थांबली.

खाली गल्ली होती. माणसं चालत होती. एक बाई पोराला ओढत नेत होती, एक म्हातारा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तोल सांभाळत जात होता. सगळे चालत होते. सासूबाई रोज हेच बघत होत्या तर! दिवसचे दिवस, चालणारी माणसं!

आणि कानाशी, अगदी कानाशी: “उभी कर गं मला.”

बाई किंचाळून उठल्या. उठताना पाठीत मध्यभागी अशी कळ गेली, की डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंतीला धरून त्या कशाबशा घंटीपर्यंत गेल्या.

या वेळी फिटरांनी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरबाई पिकल्या केसांच्या, जाड भिंगाच्या, आणि हातात काठी. त्या खोलीत आल्या त्याच लंगडत. फिटर बायकोच्या कानात पुटपुटले, “हिलाच आधी कुणीतरी तपासायला हवं.”

“तपासलंय मला,” डॉक्टरबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. त्यांचे कान तिखट होते. “दोन्ही गुडघे गेलेत. कान शाबूत आहेत.”

पाठीचा फोटो झाला. हाडांची घनता मोजायचं यंत्र असतं, त्याच्यावरही बाईंना निजवलं. बाहेर आल्यावर फिटरांनी यंत्रावरच्या मुलीला आकडा विचारून घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, तुझ्या पाठीचं हाड चांगलं दणकट आहे! मी उगाच घाबरलो. म्हणजे नुसती झीजच. आता पडून राहायचं, हलायचं नाही.”

डॉक्टरबाईंनी मात्र आकड्याकडे बघून मान हलवली नाही. त्यांनी बाईंना भिंतीशी उभं केलं, खालून वर पाहिलं आणि विचारलं, “बाई, तुमची उंची कमी झालीय का?”

“इश्श, उंची कशी कमी होईल? मी काय कापड आहे आटायला?” बाई म्हणाल्या. आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर आपल्या पायांकडे गेली. गाऊनची दुमडलेली किनार पुन्हा फरशीला टेकत होती.

कापड सैल पडत नव्हतं! बाईच आखूड होत होत्या!

साऱ्या गल्लीच्या पोरांची मापं घेणारी ही बाई. कुणाचा खांदा बोटभर वाढला तर तिला नजरेनं कळायचं. आणि स्वतःच्या अंगाचं माप चुकत होतं, तर तिनं कापडाला दोष देऊन टीप मारून टाकली होती.

“तुमचा एक मणका बसलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आजचा नाही. हळूहळू बसत आलाय. आज त्यानं तुम्हाला कळवलं एवढंच.”

“बसलाय म्हणजे?” फिटरांनी विचारलं.

“म्हणजे हाड आतून पोकळ झालं, भार पेलेना, दबलं.”

“पण आकडा तर चांगला आलाय!”

“पाठीचा आलाय. खुब्याचा बघितलात? तो वाईट आहे. पाठीत झिजेमुळं हाडाला बाजूनं काटे फुटलेत. त्यात मणका बसून, दबून घट्ट झालाय. यंत्राला हे सगळं मिळून दाट दिसतं. तिथल्या आकड्यावर जाल तर फसाल.”

फिटर फोटोकडे बघत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “गंजलेला पाइप. बाहेरून फुगून जाड दिसतो. बोटानं दाबला की आत नुसता पापुद्रा.”

“बरोबर ओळखलंत.”

“पण डॉक्टरबाई, झीज ती झीजच ना? गुडघ्याची काय, हाडाची काय.”

डॉक्टरबाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. “फिटरसाहेब, पंपाचं बेअरिंग झिजलं तर काय करता?”

“बदलतो.”

“आणि पंपाची बॉडी तडकली तर?”

“ते वेगळं काम. त्याचा बेअरिंगशी काय संबंध?”

“मग मीही तेच सांगतेय. गुडघ्यात झिजते ती कूर्चा. हाडांच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण. ते सांध्याचं दुखणं. हाड ठिसूळ होणं हे निराळं. त्यात हाडाच्या आतला माल कमी होतो, आणि ते दुखत नाही, बोलत नाही. मोडतं तेव्हाच कळतं. आपण दोघांनाही एकच नाव देऊन ठेवलंय. एका नावाची दोन माणसं एका गल्लीत राहिली की एकाचं पत्र दुसऱ्याला जातं, तसं चाललंय सगळं.”

“मग ज्याला एक आहे त्याला दुसरं असतंच का?”

“असतंच असं नाही. उलट सांध्यांची झीज असलेल्या पुष्कळांची हाडं मापाला चांगली भरतात. म्हणून ती मोडत नाहीत, असंही नाही. गुडघा दुखतो, तोल जातो, माणूस पडतं. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचाच नाही. दोन्ही वेगवेगळं बघायचं.”

फिटर हट्टाला पेटले. त्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती, आणि सरकणाऱ्या जमिनीवर माणूस मोठ्यानं बोलतो. “ते काही असो. चाललं की झिजणार, हे तर खोटं नाही?”

“लोखंडाबाबत खरं आहे. लोखंडाला झिजण्यापलीकडे काही येत नाही. हाड जिवंत असतं. रोज थोडं मोडतं, रोज थोडं बांधलं जातं. किती बांधायचं, हे भारावर ठरतं. माणूस उभं राहतं, चालतं, जिना चढतं, तेव्हा हाडाला कळतं की आपलं काम आहे. माणूस बसूनच राहिलं, की हाड म्हणतं, आता कुणासाठी? आणि बांधायचं सोडून देतं. गुडघ्याचंही निराळं नाही. मांडीतलं मांस सुकलं की सगळा बोजा सांध्यावर. बघा माझ्याकडे. दुखतं तेव्हा गुडघ्यांना शिव्या घालते, आणि चालते.”

फिटरांनी आपले तेलकट हात एकमेकांवर चोळले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “माझी आई खुर्चीतून उठताना मोडली. पडली नाही. नुसती उठली.”

“त्यांची हाडं कधी तपासली होती?”

“झीज आहे म्हणून सांगितलं होतं.”

“कसली झीज?”

कसली झीज, हे फिटरांनी विचारलंच नव्हतं! ज्यांनी सांगितलं त्यांनी उलगडून सांगितलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं ते आपल्याला कळलं असं धरून चालले.

“मी त्यांना पाहिलेलं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कशामुळं काय झालं ते मी आज सांगू शकत नाही, आणि तुम्हीही स्वतःला फाशी देऊ नका. खुर्चीही वाईट नसते. ज्याला चालताच येत नाही त्याला ती पायांसारखी असते. चालता येणाऱ्याला मात्र ती देऊ नका.”

घरी आल्यावर फिटर दुकानात गेले नाहीत. वर आले. खुर्ची खिडकीशीच होती. ते तिच्यासमोर फरशीवर बसले, आणि कितीतरी वेळ चाकाकडे बघत राहिले. बोट लावलं असतं तर चाक फिरलं असतं. त्यांनी लावलं नाही.

“आईनं कधी म्हटलं का गं तुला?” त्यांनी वर न बघता विचारलं. “चालायचंय म्हणून?”

वर्षभर जे शब्द बाईंनी एकटीनं ऐकले ते आज उघडे करायचे होते.

“एकदा म्हणाल्या. उभी कर गं मला, म्हणाल्या. मी म्हटलं, यांना विचारते.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“आले होते खाली. तुम्ही या खुर्चीच्या चाकात ग्रीस भरत होतात. इतके खूश दिसलात, की मी परत वर आले.”

फिटरांच्या तोंडून हुंदका फुटला. संसारात पहिल्यांदाच बाईंनी नवऱ्याला असं रडताना पाहिलं. “मी तिला जपत होतो गं! अगं, मी तिला जपत होतो!”

“ठाऊक आहे मला. त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर पुन्हा मागितलं नाही.”

ते ऐकून फिटर उठले. त्यांनी बाईंसमोर हात पुढं केला. तोंडावर आलेलं ‘तू बस’ त्यांनी गिळून टाकलं. मग म्हणाले, “चल. जिन्यापर्यंत जाऊन येऊ.”

दोघं जिन्यापर्यंत गेली. पाठीला पट्टा, दोन्ही हात नवऱ्याच्या दंडावर. जिन्याच्या तोंडाशी पोचल्यावर बाई थबकल्या. मागून कुणीतरी येतंय, असं स्पष्ट वाटलं. दमलेलं, सावकाश. त्यांनी या वेळीही मागं वळून बघितलं नाही. पण भीतीनं नव्हे. येणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून त्या तिथं जरा थांबल्या, आणि मग परत फिरल्या. का थांबलीस, हे फिटरांनी विचारलं नाही. त्यांचीही पावलं थांबली होती.

खुर्ची त्यांनी दवाखान्याला दिली, जिथं तिची खरी गरज होती तिथं. बाईंना हाडांसाठी औषध सुरू झालं. पाठ न वाकवता कसं उठायचं, वजन कसं उचलायचं, मांडीचा कोणता व्यायाम करायचा, हे डॉक्टरबाईंनी स्वतः करून दाखवलं. करताना स्वतःच्या गुडघ्यांना एकदोन शिव्याही घातल्या. फिटरांच्या हातांना काम लागतंच. त्यांनी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा केला, पायऱ्यांच्या कडांना खरखरीत पट्ट्या लावल्या, वळणावर दिवा बसवला. मशीनची मोटर उतरवून पॅडल परत जोडलं. “आता पायांनी चालव,” म्हणाले, “दुखलं तर थांब, पण मला विचारायला येऊ नकोस.” गुडघे काही जादूनं बरे झाले नाहीत. थंडीत ते दुखायचे, जिन्यात कुरकुरायचे. पण बाई रोज त्या जिन्यानं खाली उतरायच्या, गणवेशांचा लहानसा गठ्ठा दोन्ही हातांत सारखा वाटून शाळेपर्यंत चालत जायच्या आणि चालत यायच्या. परतताना कधीकधी जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबायच्या.

असेच काही महिने गेले. एक दिवस बाई बटणं लावायचं काम घेऊन खाली दुकानात बसल्या होत्या, तेव्हा एक गृहस्थ आले. कपडे इस्त्रीचे, बोलणं घाईचं.

“फिटर, तुम्ही आईसाठी एक खुर्ची केली होती म्हणे. सगळ्या गल्लीत नाव आहे तिचं. तशीच माझ्या आईला करून द्या. आईला झीज आहे.”

फिटरांचा हात पान्यावर थांबला. बाईंनी मान वर केली.

“कसली झीज?” फिटरांनी विचारलं.

“कसली म्हणजे? झीज! हाडांची. गुडघे दुखतात.”

“गुडघ्याची झीज निराळी आणि हाडं ठिसूळ होणं निराळं. हाडांची घनता मोजलीय का त्यांची?”

“अहो, मी खुर्ची मागायला आलोय. तुम्ही पंप दुरुस्त करता की दवाखाना काढलाय?”

“चालता येतं का त्यांना?”

“येतं, पण आम्ही चालू देत नाही. काळजी आहे आम्हाला.”

“मलाही होती,” फिटर म्हणाले. त्यांचा आवाज इतका उतरला, की त्या गृहस्थांची घाई आपोआप थांबली. “मी माझ्या आईला इतकं जपलं, की तिला उभं राहू दिलं नाही. एक दिवस ती पडदा ओढायला उठली आणि मोडली. खुर्ची मात्र मोडली नाही, बरं का. खुर्ची अजून उत्तम चालते. साहेब, तुम्ही म्हणाल ते पैसे दिलेत तरी मी ती करणार नाही. आधी आईंना तपासून आणा. डॉक्टर म्हणाले की यांना चालता येणारच नाही, तर मी रात्रीचा दिवस करून खुर्ची देईन, आणि फुकट देईन.”

गृहस्थ रागानं निघून गेले. “भलताच माणूस आहे,” एवढं ऐकू आलं.

चार दिवसांनी दुकानाच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. एका हाताला तेच रागावून गेलेले गृहस्थ, तिचा मुलगा, दुसऱ्या हातात छत्री, टेकायला. धाप लागलेली, आणि डोळे संतापानं लाल.

“कोण तो फिटर? माझी खुर्ची अडवणारा?”

“मीच, मावशी.”

“तुझं काय घोडं मारलं होतं मी? गुडघे माझे दुखतात की तुझे?”

बाई उठल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पाठ सरळ ठेवून, शिकवलं होतं तशा सावकाश उठल्या, आणि म्हातारीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“माझेही दुखतात, मावशी. आत्ता उठतानासुद्धा दुखले. घरून चालत आलात?”

“नाहीतर काय उडत आले? या मेल्याला म्हटलं, दाखव मला तो माणूस. तोंडावर बोलते.”

“बरंच लांब चाललात की.”

म्हातारीनं मागं वळून रस्त्याकडे बघितलं. जणू आपण कुठून आलो हे तिला आत्ताच कळत होतं. मुलाच्याही लक्षात यायला वेळ लागला. आईला पुष्कळ दिवसांत त्यानं घराच्या उंबऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं.

“दवाखाना इथून तेवढाच लांब आहे,” बाई म्हणाल्या. “तिथं माझ्याहून वाईट गुडघ्यांच्या एक डॉक्टरबाई बसतात. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या. सांधे कसे आहेत, आणि हाडं कशी आहेत. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी मागून घ्यायची. येते मी बरोबर. दमलात तर मध्ये थांबू.”

“आणि शिव्या द्याव्याशा वाटल्या तर?”

“द्या की. त्या डॉक्टरबाईसुद्धा देतात.”

म्हातारी खुदकन हसली. तिघंजणं निघाली. फिटर दारात उभे राहून बघत राहिले. मग दुकानाला कुलूप लावून तेही मागोमाग गेले.

वाचकहो, काळजी घेणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत. विचारणारी कमी आहेत. ‘झीज’ हा शब्द ऐकला की आपण आईला, सासूला, बायकोला प्रेमानं बसवून टाकतो, आणि ती आपल्या प्रेमाला दुखवायचं नाही म्हणून बसून राहते. सांध्यांची झीज आणि हाडांचा ठिसूळपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत. एक दुखून सांगतं, दुसरं गप्प राहतं. आणि पहिल्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून दुसऱ्याची तपासणी झाली, असं होत नाही. कुणाची उंची कमी झाली, पाठ वाकली, थोडक्या धक्क्यानं हाड मोडलं, तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. चालता येणाऱ्याला, त्यांच्या सल्ल्यानं, चालू द्या. आपलं माणूस एकदाच म्हणतं, मला उभं कर. ते म्हणतं तेव्हा हातातलं काम खाली ठेवा आणि हात द्या.